मिठाच्या बरणीतली अंगठी

विश्राम म्हात्रेचं लग्न ठरलं ही बातमी कोलशेत गावात कोणी खरी मानली नाही, आणि त्यात गावाची काही चूक नव्हती. वय सत्तेचाळीस, धंदा फ्लेक्स-बॅनरचा, आणि स्वभाव असा की मागच्याच वर्षी बिल्डिंगमधल्या त्र्यंबकच्या वाढदिवसाला ह्याने 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा दहा बाय आठचा फ्लेक्स छापून थेट ठाण्यात टेंभी नाक्यावर लावलेला. फोटो झकास होता. त्र्यंबकची सासुरवाडी कल्याणची. तिथून दोन रिक्षा भरून माणसं हार घेऊन आली, आणि दार उघडायला त्र्यंबकच. सासू अजून जावयाकडे बघताना आधी त्याचे पाय बघते, उलटे आहेत का म्हणून.

तर अशा माणसाला डोंबिवलीच्या मंदाकिनीने हो म्हटलेलं. मंदाकिनी त्रेचाळीस वर्षांची, एका कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक, कमी बोलणारी. बॅनर छापायला आली तेव्हापासून विश्राम तिला मॅडम म्हणायचा, ते लग्न ठरल्यावरही सुटलं नव्हतं. तिने दोन अटी घातलेल्या. पहिली, अंगठी अशी पाहिजे की एकदा घातली की काढायची गरज नाही. बेसिनवर काढून ठेवण्याच्या नादात तिची तीन घड्याळं गेलेली. वडिलांनी दिलेली अंगठी तर फुटलेल्या थर्मामीटरमधला पारा पुसताना बोटातल्या बोटात पांढरी पडली होती, कारण पारा सोन्याला खातो. त्यात हात दिवसभर पाण्यात, ॲसिडात, साबणात.

दुसरी अट तिने चहाचा कप खाली ठेवून सांगितली. "विश्रामराव, जगाशी काय वाटेल ती गंमत करा. साखरपुड्याच्या अंगठीची गंमत केलीत, तर मी उठून जाईन. परत यायची नाही."

"मॅडम, अंगठीच्या बाबतीत मी एकदम सिरियस," विश्राम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरंच सिरियस होता, आणि तसं चेहऱ्यावर आणायचं कसं हे माहीत नसल्यामुळे त्याचा चेहरा पोटात दुखल्यासारखा झालेला.

साखरपुडा रविवारचा, डोंबिवलीला. हातात पंधरा दिवस.

कल्याणच्या जुन्या बाजारात सलिल नावाचा सोनार त्याच्या ओळखीचा. सलिलने त्याला समोर बसवून शाळाच घेतली. बावीस कॅरेट मऊ असतं, रोज घातलं तर दोन वर्षांत चेपतं. रोजच्या वापराला अठरा बरं. खडा उभा नको, अडकतो. पट्टी जाड पाहिजे, आतून गोल पाहिजे, नाहीतर साबण साठून बोट सडतं. एवढं सांगून त्याने चार पितळी नमुने दिले आणि म्हणाला, आठ दिवस घालून बघ, कुठली टिकते ती कळेल.

विश्रामने हे काम इतक्या निष्ठेने केलं की त्र्यंबकने त्याला ताप आलाय का म्हणून विचारलं. खड्याची अंगठी घालून त्याने एक ताजा फ्लेक्स गुंडाळला, तर एका भावी नगरसेवकाचं नाक उभं फाटलं. नक्षीच्या अंगठीत शाई बसली ती निघेना. नाजूक होती ती शटर ओढताना चपटी झाली. चौथी नेमकी बोटातून कधी पडली ते कळलंच नाही, आणि त्या संध्याकाळी दुकानाबाहेरच्या भटक्या कुत्र्याकडे विश्राम बराच वेळ संशयाने बघत बसला.

सल्ले मागितलेले नव्हते, पण आले. बिल्डिंगमधले एकजण म्हणाले प्लॅटिनम. दुसरे म्हणाले स्टील, आमचा कुकर बावीस वर्षं चालतोय. सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी तर अंगठीपेक्षा पॉलिसी काढ असं सुचवलं. शेवटी त्र्यंबक लिफ्टमध्ये म्हणाला, "सोन्याची परीक्षा आगीत होते रे. आगीतून आलेलं सोनं आहे का घरात? तेच टिकणार."

त्र्यंबक आपला म्हणायचं म्हणून म्हणाला आणि चौथ्या मजल्यावर उतरून गेला. विश्राम मात्र सातव्यावर पोचला तरी लिफ्टमध्येच उभा. कारण आगीतून आलेलं सोनं घरात होतं.

गंगूआत्याचं. गंगुबाई म्हणजे विश्रामच्या बापाची थोरली बहीण. खाडीकाठी मिठागरं होती तेव्हा तिने तिथं उभं आयुष्य काढलं. लग्न नाही. डाव्या हातात एक जाड, बिननक्षीची अंगठी, ती कोणी कधी काढलेली बघितली नाही. मिठाच्या पाण्यात लोखंडाची पहार सडते, आत्याची अंगठी सडली नाही. जेवायला बसली की ताटातल्या चिमूटभर मिठाची आधी बारीक रास करायची, वरून दोन बोटांनी दोनदा थोपटायची, मगच घास. आणि पोरं खोटं बोलली की मांडीला चिमटा. नुसता चिमटा नव्हे, धरून पीळ द्यायची. विश्राम लहानपणी घरातला सगळ्यात जास्त खोटं बोलणारा, त्यामुळे त्याची डावी मांडी ही तिची खास जागा.

अकरा वर्षांपूर्वी आत्या गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे अंगावरचं सोनं काढायला घेतलं. बाकीचं निघालं. अंगठी निघेना. तेल लावलं, दोरा लावला, शेवटी कोणीतरी म्हणालं राहू द्या, आणि ती तशीच चितेवर गेली. तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेले तर राखेत अंगठी. वितळली नाही, काळी पडली नाही. खरं तर अस्थींबरोबर तीही खाडीत सोडायला पाहिजे होती. पण सोनं ते सोनं, बापाचं मन होईना. घरी आणली, आणि आणल्यावर भीती वाटली, म्हणून मिठाच्या चिनीमातीच्या बरणीत तळाशी पुरून टाकली. मग बाप गेला, जुनं घर पाडून टॉवर आला, बरणी सातव्या मजल्यावर माळ्यावर आली. ते मीठ स्वयंपाकात कोणी वापरलं नाही. फेकलंही नाही.

विश्रामने स्टूलवर चढून बरणी उतरवली, झाकण काढलं, आणि तळाशी हात घालायला बाही वर केली. बाही वर करायची गरज नव्हती. बरणीतलं मीठ सपाट नव्हतं. त्याची मधोमध छान टोकदार रास झालेली, आणि टोकावर अंगठी ठेवलेली. ठेवलेली म्हणजे, कोणीतरी आपल्यासाठी काढून ठेवावी तशी.

दुसरा कोणी असता तर झाकण लावून देवासमोर बसला असता. पण जन्मभर दुसऱ्यांना भुतं दाखवणाऱ्या माणसाचा एक प्रॉब्लेम असतो. त्याला वाटतं भुतं आपणच बनवतो. विश्राम मनात म्हणाला, माळ्यावर हलली असेल बरणी, आणि मंगळवारी सकाळी स्कूटर काढून कल्याणला गेला.

सलिलने अंगठी हातात घेतली आणि पहिल्यांदा खूश झाला. म्हणाला असली पट्टी आता कोणी बनवत नाही. मग कपड्याने पुसली. पुन्हा बघितली. पुन्हा पुसली. पुसली की कोरडी, आणि बोलता बोलता परत ओली. मिठातली वस्तू आहे, मीठ ओल धरतं, असं त्याने स्वतःलाच समजावलं आणि कसोटीच्या काळ्या दगडावर घासली. पिवळीधमक रेघ उठली. सलिल ॲसिडची बाटली घ्यायला वळला, वळून परत आला, तर दगडावर रेघ नाही. पांढरा पातळ थर, दगडाला मीठ फुटल्यासारखा.

मंदाकिनीच्या बोटाचं माप म्हणून विश्रामने दोरा आणलेला. सलिलने तो अंगठीत घालून बघितला. दोरा आणि अंगठी, एका केसाचा फरक नाही. लहान नको, मोठी नको, काही करायला नको. एवढं सरळ काम मिळालं तर सोनार नाराज होतो, पण सलिलचा चेहरा नाराज नव्हता, वेगळाच होता. मजुरी घेतली नाही. अंगठी पुडीत बांधून काउंटरवर ठेवली, हातात दिली नाही, आणि म्हणाला, "विश्रामदादा, ही घेऊन जा. आणि माझ्याकडे परत आणू नका."

परतीच्या वाटेवर भिवंडी बायपासला विश्राम अंडी खायला थांबला. तिथं त्याने ती चूक केली. त्याला वाटलं, नमुने आठ दिवस घालून बघितले, मग खरी अंगठी न घालता देणं बरोबर नाही. डाव्या करंगळीत घातली. हलकीशी थंड लागली. गाडीवाल्याने उकडलेली अंडी आणि बशीत मीठ ठेवलं. विश्राम मोबाइलवर बोलत होता. बोलून झाल्यावर खाली बघितलं तर डावा हात बशीतल्या मिठाची रास करत होता. सावकाश, एकेक कण ओढून. मग दोन बोटं वर झाली आणि राशीला थोपटलं. एकदा. दोनदा.

विश्रामने हात बशीतून उचलला. उचलला म्हणजे उजव्या हाताने धरून उचलला.

अंडी तशीच टाकून तो घरी आला. संध्याकाळी मंदाकिनीचा फोन. अंगठीचं झालं का? झालं मॅडम, सगळं एकदम ठीक, असं तो म्हणाला मात्र, आणि डाव्या हाताने त्याच्याच डाव्या मांडीला असा चिमटा धरला की तोंडून निघालेला आवाज ऐकून मंदाकिनीने विचारलं, कुत्रा आहे का तिथे. हो, कुत्रा आहे, असं म्हटल्यावर दुसरा चिमटा. ह्या वेळी पिळासकट.

बुधवारचा दिवस साबणात गेला. त्र्यंबक आणि मंडळींनी विश्रामच्या करंगळीचा ताबा घेतला. खोबरेल झालं, बर्फ झाला, बोटाला दोरा गुंडाळून सोडवायची युक्ती झाली. दोरा निघाला, अंगठी तिथेच. बोट सुजलेलं नव्हतं हे विशेष. अंगठी बोटावर गोल फिरायची, अगदी सहज. फक्त पेरापर्यंत आली की थांबायची. जोर केला की घट्ट व्हायची, सोडलं की सैल. मूठ धरावी तशी.

विश्रामने सगळं खरं सांगितलं. आत्या, रास, चिमटे. त्र्यंबकने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पडद्यामागे, फ्रिजमागे, पलंगाखाली बघून आला. कॅमेरा कुठे लावलायस, एवढंच त्याने विचारलं. विश्राम शपथा घ्यायला लागला तसा त्र्यंबक म्हणाला, "माझ्या मयताला माझ्याच दारात सासू रडलीय. मी तुझ्या आत्याला घाबरू?"

हा अपमान विश्रामला मांडीपेक्षा जास्त झोंबला. खरं तर त्र्यंबकचं तोंड बंद करायला एक सणसणीत थाप मारायची इच्छा झालेली, पण डाव्या हाताकडे बघून त्याने ती गिळली. धंद्यावरही परिणाम व्हायला लागलेला. एक गिऱ्हाईक स्वतःच्या बॅनरवर 'कार्यसम्राट' छापून घ्यायला आलेलं. विश्राम तो शब्द टाइप करायला गेला, तर डावा हात उचलून थेट गिऱ्हाइकाच्या मांडीकडे निघाला. गिऱ्हाईक गेलं.

गुरुवारी तो फायर ब्रिगेडकडे गेला. अडकलेल्या अंगठ्या ते कापून देतात, त्यांच्याकडे छोटी चकती असते. ड्यूटीवरचे साहेब भले होते. फक्त फॉर्म भरावा लागेल म्हणाले. दागिना कोणाचा? माझाच, असं म्हणायला विश्रामने तोंड उघडलं आणि मांडीवर गार बोटं टेकलेली जाणवली. आत्याचा, तो म्हणाला. मग आत्याची संमती? आत्या वारली. मग मृत्यूचा दाखला जोडा, सोनं आहे, उद्या कोणी वारस भांडत आले तर आम्ही कुठे उभे राहायचं.

दाखल्यासाठी तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघितलं, नाही. जुनं रजिस्टर मागवलं. साल सापडलं, महिना सापडला, आठवडा सापडला. त्या पानावर शाई नव्हती. कागद होता, आडव्या रेघा होत्या, आणि पानभर बारीक पांढरे कण चिकटलेले, खाडीकाठच्या भिंतीला असतात तसे. बाईंनी फुंकर मारली आणि त्यांना शिंक आली.

नोंद दिसत नाही, त्या म्हणाल्या. म्हणजे आमच्या लेखी बाई हयात आहेत. हयात असतील तर दाखल्याचा प्रश्न नाही, त्यांना प्रत्यक्ष हजर करा आणि संमतीवर सही घ्या.

"गंगुबाई म्हात्रे," बाईंनी कागदावर नाव लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं.

विश्रामचा डावा हात वर गेला. वर्गात हजेरी देतात तसा, सरळ, खांद्यापासून. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, काही म्हणायचंय का. त्याला काही म्हणायचं नव्हतं. रांगेतला मागचा माणूस हसला. सबंध ठाण्याला वेडं बनवणारा विश्राम म्हात्रे एक हात वर करून कचेरीबाहेर पडला, आणि स्कूटरपर्यंत तो हात खाली आला नाही. दोन रिक्षा थांबल्या.

शुक्रवारी तो गावठाणात जाईबाईकडे गेला. जाईबाई चौऱ्याऐंशीची, गंगूआत्याबरोबर मिठागरावर राबलेली, आता टॉवरच्या सावलीत पडवीत बसून कोळंबी सोलणारी. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने करंगळी बघितली आणि पदराला हात पुसले.

"गंगू आलीय का रं," ती म्हणाली. करंगळीला म्हणाली, विश्रामला नाही.

मग तिने जे सांगितलं ते विश्रामला घरात कोणी सांगितलं नव्हतं. आत्या सतरा वर्षांची असताना तिचा साखरपुडा झालेला. पोरगा खाडीपल्याडचा. अंगठी घालून गेला, आणि पंधरा दिवसांनी निरोप आला की ती गंमत होती. शिमग्याला पोरांमध्ये पैज लागलेली, मिठागरावरच्या तिखट पोरीच्या बोटात अंगठी घालून दाखवायची. पोरगा पैज जिंकला. सगळा गाव हसला, आत्याचे भाऊसुद्धा. आत्याने ती अंगठी खाडीत फेकली आणि मिठागरावर गेली. सात वर्षं राबून स्वतःची अंगठी केली, सोनाराच्या दुकानात स्वतःच्या हाताने बोटात घातली.

"कोनी घातली नाय, कोनी काराची नाय, असं बोलली व्हती," जाईबाई म्हणाली. "तू गंमत करनारा. तुझे हातान ती कशी सोरंल?"

काय करू, असं विश्रामने विचारलं. जाईबाईने कोळंबी उचलली. म्हणाली, जिला अंगठी द्यायची तिला खरं सांग. बाकी गंगू बघून घेईल. आणि तो निघाला तेव्हा त्याच्या हाताला नमस्कार केला. तोही डाव्या हाताला.

खरं सांग म्हणणं सोपं आहे. मंदाकिनीला जाऊन सांगायचं काय, तर अंगठी तुमची आहे, पण सध्या ती माझ्या मेलेल्या आत्याच्या ताब्यात आहे? ही जगातली सगळ्यात हलकी गंमत वाटली असती. आणि गंमत म्हटली की ती उठून जाणार, परत येणार नाही. शुक्रवारी विश्राम जेवला नाही. ताटातल्या मिठाची रास झाली, तिला दोनदा थोपटून झालं, आणि तो नुसता बघत बसला. सत्तेचाळीस वर्षांत त्याने माणसं खूप हसवली होती. पण तो घरी आला की नाही हे फोन करून विचारणारी ही पहिलीच.

शनिवारी दुपारी तो डोंबिवलीला कॉलेजात पोचला. लॅब रिकामी होती. उंच टेबलं, ओळीने बाटल्या, उन्हात गॅसचा जुना वास. मंदाकिनी पांढऱ्या कोटात काचेच्या नळ्या धूत होती. विश्रामने एका दमात सगळं सांगितलं. बरणी, सलिल, साबण, रजिस्टर, जाईबाई. मांडीवर एकही चिमटा बसला नाही.

मंदाकिनीने नळ बंद केला. कपाटातून मिठाची बाटली काढली, टेबलावर काचेच्या बशीत ओतली आणि बशी त्याच्यापुढे सरकवली.

"दाखवा."

विश्रामने डावा हात बशीजवळ ठेवला. दोघं बघत राहिली. हात हलला नाही. पाच दिवस ज्या हाताने ताट, बशी, हॉटेलचं टेबल सोडलं नव्हतं, तो हात आता उन्हात मांजर पडावं तसा पडलेला. विश्रामने बोटं वाकवून बघितली. बोटं नीट वाकली, त्याचीच होती. एक मिनिट गेलं. आत्या, चल की, असं तो पुटपुटला, आणि आपण काय पुटपुटलो हे कळून त्याला घाम फुटला.

"मी एकच गोष्ट मागितली होती," मंदाकिनी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिने कोटाचं वरचं बटण काढलं. ती निघणार होती.

विश्रामकडे अशा वेळी नेहमी काहीतरी असायचं. एखादी फिरकी, एखादं तोंड वेडावणं. आज तो नुसता तिला थांबवायला पुढे झुकला. झुकताना त्याने डावा हात टेकला, तो नेमका बशीत, मिठावर, सगळ्या वजनासकट.

"मॅडम, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल," तो म्हणाला. "म्हणजे चालणार नाही. पण ही गंमत नाहीये. मला सिरियस राहता येत नाही, मी कधी राहिलोच नाही. तुमच्याबाबतीत आहे. त्याची मला भुतापेक्षा जास्त भीती वाटते."

मंदाकिनी दाराकडे गेली नाही, पण जवळही आली नाही. विश्रामने हात उचलला. काहीतरी मोकळं वाटलं म्हणून करंगळीकडे बघितलं. करंगळीवर अंगठी नव्हती, नुसता पांढरा वळ. अंगठी बशीत होती. आणि बशीतलं मीठ, ज्याच्यावर आत्ता सत्त्याऐंशी किलोचा माणूस रेलला होता, ते चपटं झालेलं नव्हतं. त्याची टोकदार रास होती. टोकावर अंगठी.

मंदाकिनी वीस वर्षं लॅबमध्ये होती. दाबलेलं मीठ कसं दिसतं हे तिला माहीत होतं. ती खाली वाकली, बशीच्या पातळीला डोळे आणून चारही बाजूंनी बघितलं. राशीच्या उतारावर दोन बोटांच्या खुणा होत्या. बारीक बोटांच्या. विश्रामची बोटं केळ्यासारखी.

आता मात्र ती घाबरली असेल, असं विश्रामला वाटलं. तो घाईघाईने अंगठी उचलून तिला द्यायला गेला.

"थांबा. आमच्याकडे मीठ हातात देत नाहीत," मंदाकिनी म्हणाली. "भांडण होतं. खाली ठेवतात, ज्याला पाहिजे तो उचलतो. राहू द्या तिथेच."

तिने हात कोटाला पुसला, रास न मोडता अंगठी उचलली आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या बोटात घातली. बरोबर बसली. तिने बोट नळाखाली धरलं, साबण लावला, ओढून बघितली. आली नाही. तशी ती विश्रामकडे बघून पहिल्यांदा हसली. म्हणाली, टिकेल असं वाटतंय.

रविवारी साखरपुडा झाला. आता अंगठी घाला असं भटजी म्हणाले, तेव्हा मंदाकिनीने हात पुढे करून सांगितलं, माझी मी घातलीय. तिच्या भावाला ते पटलं नाही, वडीलधाऱ्यांत कुजबुज झाली, कोणीतरी म्हणालं निदान काढून परत घालू द्या त्यांना. तिघांनी ओढून बघितली आणि नाद सोडला. विश्रामने साखरेचा पुडा दिला, तिने त्याच्या बोटात अंगठी घातली, नवीकोरी, अठरा कॅरेट, सलिलकडचीच. त्र्यंबक बायकोला आणि सासूला घेऊन आलेला. ह्यात काहीतरी फसवाफसवी आहे म्हणून तो शेवटपर्यंत मांडवाचे पडदे उचलून बघत होता.

मग जेवणं. विश्रामच्या उजवीकडे मंदाकिनी. डावीकडची खुर्ची जाईबाईसाठी ठेवलेली, पण तिचे गुडघे दुखायला लागले म्हणून ती आलीच नव्हती. वाढप्यांनी मात्र रीतीप्रमाणे सगळ्या ताटांत आधी मीठ वाढलेलं, त्या ताटातही. विश्रामचं जेवणात लक्ष नव्हतं. तो मंदाकिनीच्या हातावर डोळा ठेवून होता. वरण-भात झाला, मसालेभात झाला. तिने मिठाला बोटसुद्धा लावलं नाही. त्याला हळूहळू बरं वाटायला लागलं.

"काय बघताय मघापासून?" तिने विचारलं.

"काही नाही," विश्राम म्हणाला.

चिमटा बसला. डाव्या मांडीला, धरून, पिळासकट.

त्याने उजवीकडे बघितलं. मंदाकिनीचे दोन्ही हात वर होते, ती तांब्यातून पाणी ओतत होती. त्याने डावीकडे बघितलं. खुर्ची रिकामी. खुर्चीपुढच्या कोऱ्या ताटात दुसरं काही वाढलेलं नव्हतं, फक्त ते चिमूटभर मीठ. त्याची बारीक, टोकदार रास झालेली, आणि वरून थोपटलेलं.

"घाबरलोय," विश्राम म्हणाला.

चिमटा सैल झाला.

"असू द्या, थोडं घाबरलेलं बरं," मंदाकिनी म्हणाली आणि त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तिने डावीकडे बघितलं की नाही ते त्याला कळलं नाही. विश्रामने आपल्या पानातली जिलेबी उचलली, समोरून त्र्यंबक बघतोय हे माहीत असून उचलली, आणि डावीकडच्या ताटात, रास मोडणार नाही अशी बाजूला ठेवली. मग ती रिकामी खुर्ची स्वतःजवळ थोडी ओढून घेतली आणि जेवायला लागला.